गोठ्याच्या तुळईत सापडला रूळ. कोकणात खाणीची रेल्वे होती का?

खारा_वारा

नमस्कार मंडळी,

गणपतीला गावी गेलो होतो. आमचं घर राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या अलीकडे. पडवीमागचा जुना गोठा पाडून तिथे न्हाणीघर बांधायचं ठरलंय. कौलं उतरवली, रिपा आणि वासे काढले. मधल्या आडव्या तुळईला इतकी वर्षं आम्ही धुराने काळवंडलेलं लाकूड समजत होतो. गड्याने तिच्यावर कोयती मारली तर ठणकन आवाज झाला. तो रेल्वेचा रूळ निघाला.

पण हा नेहमीचा रूळ नव्हे. कोकण रेल्वेचा रूळ राजापूर रोड स्टेशनात जवळून पाहिलाय, त्याच्यापुढे हा अगदी पोरगेला आहे. उंची तीन इंचांच्या जरा वर, लांबी ११ फूट ४ इंच. आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवला.

आजोबांना (आम्ही आबा म्हणायचो) जाऊन तीस वर्षं झाली, त्यामुळे विचारणार कोणाला? वाडीतल्या एका जाणत्या माणसाचं म्हणणं की इकडे पूर्वी खाणीवर छोटी रेल्वे होती, तिचा हा तुकडा. मला ते ऐकायला फार आवडलं, पण खरं असेल का? चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), काळवत्रीच्या (काळ्या दगडाच्या) किंवा आणखी कसल्या खाणीवर कोकणात अशी रुळांची गाडी कोणी पाहिली आहे? घरातल्या मोठ्यांकडून ऐकली आहे?

गजालवाडी

मी रेडीचो. आमच्याकडे लोखंडाची माती काढतत, ती बार्जीत भरून बोटीर जाता. माझो आजो थयच कामाक होतो. तेच्या तोंडसून पाट्येचा, घमेल्याचा आणि ट्रकाचा नाव ऐकलंय, रुळाचा कधी ऐकूक नाय.

रूळवेडा

खारा_वारा, धागा वाचून रात्रीची झोप उडाली. तीन गोष्टी कराल का?

१. रूळ काट्यावर ठेवून वजन घ्या. रुळाची ओळख त्याच्या वजनावरून होते. जुन्या मापात एका यार्डाला किती पौंड ते सांगतात, आता एका मीटरला किती किलो. एका यार्डाला एक पौंड म्हणजे मीटरला साधारण अर्धा किलो. खाणीतल्या हाताने ढकलायच्या डब्यांना १४-१६ पौंडी रूळ पुरायचा, लहान इंजिन आलं की २०-३० पौंडी लागायचा. आजच्या मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला ६० किलोचा असतो.

२. रुळाच्या कमरेवर (डोकं आणि पाया यांच्यामधली उभी पट्टी) तारेचा ब्रश मारा. कारखान्याचं नाव, वजन आणि रूळ घडवल्याचं साल बहुधा तिथे उठावात असतं.

३. पायाच्या पट्टीला ठराविक अंतरावर भोकं आहेत का ते पाहा. हे सगळ्यात महत्त्वाचं. शेतातलं बीट वाहायला फ्रान्सच्या देकोव्हीलने पोलादी स्लीपरला (रुळाखालच्या आडव्या पट्टीला) रूळ कायमचे जोडून तयार तुकडे विकायला सुरुवात केली. दोन माणसांनी शिडीसारखा तुकडा उचलायचा, पुढे नेऊन टाकायचा, की रेल्वे सरकली. खाणीचं तोंड रोज पुढे जातं, म्हणून खाणींनाही ही सोय आवडली. अशा तुकड्याच्या रुळाला पायात रिव्हेटची भोकं सापडू शकतात. भोकं नसतील तर तो बहुतेक लाकडी स्लीपरवर खिळे ठोकून बसवलेल्या पक्क्या मार्गाचा असेल.

ब्रश मारताना फोटो जरूर काढा.

केळशीची_सून

माथेरानची गाडीसुद्धा छोट्या रुळांची ना? रायगड जिल्हा म्हणजे कोकणच. तिथला नसेल कशावरून?

तासलेला_चिरा

आमच्या घरात तीन पिढ्या चिरेखाणीचा धंदा आहे, म्हणून खात्रीने लिहितो. चिऱ्याच्या खाणीवर रूळ टाकायची वेळ कोणावर आली नाही, आणि त्याची कारणं खाणीतच आहेत.

आमची खाण म्हणजे डोंगर पोखरणं नव्हे. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळी माळावर) वरचा कठीण कातळ काढला की खाली चांगला चिरा लागतो. तो दोन-तीन पुरुष खोल मिळाला तर नशीब. मग पिवळी-पांढरी मऊ माती लागते आणि खाण संपते. म्हणजे पाच-दहा गुंठे उतरवायचे आणि शेजारच्या तुकड्यात सरकायचं. जिथे माल काढायचा ती जागाच दोन-तीन वर्षांत बदलते तिथे भराव, उतार, सांधे यांचा खर्च कोण करणार? जमीनही एकाची नसते. एकाच सड्यावर आठ भाऊबंदांचे आठ हिस्से, त्यातले चार मुंबईला. रूळ न्यायचा तर आधी सगळ्यांच्या सह्या!

दुसरं म्हणजे माल. चिरा हा तासलेला, कोन राखलेला माल आहे. एक चिरा तीसेक किलोचा. आता कटर मशीन आलं, पण माझ्या आजोबांच्या वेळी टिकावाने चर मारून, पहारीने उचकटून, तासून चिरा काढायचे. खाणीतून नुकताच निघालेला चिरा मऊ असतो, वारा-ऊन लागलं की घट्ट होतो. तो डब्यात ओतून चालत नाही, कोन तुटला की गिऱ्हाईक घेत नाही. एकेक चिरा हाताने रचायचा, हाताने उतरवायचा. खाणींच्या रुळांवर ज्या उलट्या करायच्या डब्यांच्या गाड्या असतात त्या खडी, चुनखडी, कोळसा, माती अशा ओतायच्या मालाच्या.

आणि लांबचा माल पूर्वी बैलगाडीने खाडीवर जायचा, तिथून पडावाने पुढे. कोकणात दर दहा-पंधरा मैलांवर खाडी आत आलेली. देवाने दिलेली ती वाट असताना रुळांची गरज कोणाला होती?

पाऊसवेळ

वाचतेय. तासलेला_चिरा, फार सुंदर प्रतिसाद.

भट्टीकाठ

मी मूळचा गुहागर तालुक्यातला, आता निवृत्त होऊन गावीच राहतो. १९७३ साली शिकाऊ म्हणून कोकणाबाहेरच्या एका सिमेंट कारखान्यात लागलो. कारखान्याचं नाव घेत नाही. तिथे खाणीपासून क्रशरपर्यंत दोन फुटी रुळांची गाडी होती. डंपर आले होते, पण जुन्या बाजूला गाडीच चालायची. मी तिच्यावर दोन वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितो.

सिमेंटचा कारखाना चुनखडीच्या खाणीला चिकटून का असतो? एक टन क्लिंकरला (भट्टीतून निघणारे गोळे, तेच दळलं की सिमेंट) दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते. भट्टीत १४५० अंशांपर्यंत तापल्यावर तिच्यातला कर्बवायू उडून जातो. शुद्ध चुनखडीचं शंभरातलं चव्वेचाळीस भाग वजन असं हवेत जातं. जे वजन चिमणीतून उडणार ते लांबून वाहून आणायचं कशाला? म्हणून कारखाना खाणीपाशी आणि मधे मैल-दोन मैलांची गाडी. एवढ्या अंतराला मोठी रेल्वे परवडत नाही. छोटा रूळ खाणीतल्या वळणावर सहज वळतो, त्याला भरावही कमी लागतो.

आता हिशोब करा. रोज ३०० टन क्लिंकर देणाऱ्या भट्टीला ४५० टन दगड हवा. डबा साधारण घनमीटरचा, त्यात दीड टन मावणार. म्हणजे ३०० डबे. एका इंजिनामागे बारा डबे लावले तर दिवसाला पंचवीस खेपा. भट्टी एकदा पेटली की रात्रंदिवस फिरते, तिला थांबवून चालत नाही. त्यामुळे गाडीही थांबत नसे. मला अजून रात्रीच्या पाळीतला तो आवाज आठवतो. डबा क्रशरच्या तोंडाशी कलंडला की आधी खडखड, मग एक क्षण शांत, मग जबड्यात दगड फुटायचा.

पावसाळ्यात सगळ्यात कठीण. चुनखडीची पूड रुळावर बसलेली असायची. तिच्यावर पावसाची पहिली सर आली की तिचं लुकण व्हायचं आणि इंजिनाची चाकं जागेवर गरगर फिरायची. मग चाकापुढे वाळू सोडायची. त्या वाळूच्या पेट्या कोरड्या ठेवणं हे शिकाऊ पोराचं काम, म्हणजे माझं. चुलीपाशी वाळू भाजून भरायचो.

खारा_वारा

भट्टीकाठ काका, वाळू भाजायची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. अजून लिहा. माझा प्रश्न राहिला तरी चालेल.

उद्या काजूच्या वखारीत काटा आहे तिथे रूळ नेतो.

भूगर्भ

खारा_वारांच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर खडकातच आहे. कोकणात बहुतेक ठिकाणी खाली बेसाल्ट, वर जांभा. सिमेंटला लागणाऱ्या चुनखडीचे मोठे साठे इथे नाहीत. महाराष्ट्रातली चुनखडी चंद्रपूर-यवतमाळकडे, बाहेर गुलबर्ग्याकडे आणि सौराष्ट्रात. म्हणून खाणीपासून भट्टीपर्यंत गाडी चालावी असा कारखाना कोकणात उभा राहायला जागाच नव्हती. रत्नागिरीला सिमेंटचा कारखाना आहे, पण तो दळण्याचा. गुजरातच्या जाफराबादेकडून क्लिंकर समुद्रमार्गाने यायचं आणि इथे दळलं जायचं. तिथे रुळाचं काम जहाजाने केलं.

सिमेंट येण्याआधी कोकणाने चुना कशाचा केला? शिंपल्यांचा. खाडीतल्या तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या गोळा करून भट्टीत भाजायच्या आणि तो चुना घाणीत मळायचा. माझ्या आजोळी चुन्याच्या घाणीचं दगडी चाक आणि त्याचा गोल चर अजून आहे. बैल फिरतो, चाक चरातून फिरतं. चाकाला ठराविक वाटेवर धरून ठेवणारी कोकणातली ही जुनी वाट म्हणायला माझी हरकत नाही.

अवांतर: जांभ्याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने दिलं, १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतात. मलबारात अंगडीपुरमला लोक जमिनीतून विटांसारखे ठोकळे कापताना त्याने पाहिले. लॅटिनमध्ये वीट म्हणजे लॅटर. तासलेला_चिरा, तुमच्या आजोबांसारखीच माणसं पाहून हे नाव पडलं.

पांथस्थ

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना वेल्समधली फेस्टिनियॉग रेल्वे मुद्दाम पाहिली. खाणीची रेल्वे म्हणजे काय हे तिथे कळलं.

डोंगरात पाटीच्या दगडाच्या खाणी आणि खाली पोर्थमॅडॉग बंदर. मधे २१ किलोमीटरच्या आसपास मार्ग. १८३६ साली सुरू झाला तेव्हा इंजिन नव्हतं. जवळजवळ सगळा मार्ग असा आखला की डोंगरापासून समुद्रापर्यंत एकसारखा उतार. भरलेले डबे आपल्या वजनाने खाली यायचे, ब्रेकवाले वर बसून गाडी आवरायचे. रिकामे डबे घोडे वर ओढून न्यायचे. आणि उतरताना तेच घोडे गाडीच्या शेवटी एका डब्यात उभे राहून, चारा खात खाली यायचे! दगड आणि घोडा दोघे एकाच गाडीने बंदरावर. १८६३ला वाफेची इंजिनं आली. इतक्या अरुंद रुळावर वाफेचं इंजिन रोजच्या कामाला चालू शकतं हे तिने दाखवून दिलं आणि जगभरचे लोक पाहायला आले. १९४६ला बंद पडली, १९५५पासून हौशी लोकांनी श्रमदानाने टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली. १९८२ला पुन्हा वरच्या टोकापर्यंत पोचली.

मी तिथे उभा राहून मनात आपला घाट आणत होतो. वर सह्याद्री, खाली खाडी, मधे उतार. कोकणची भूमी याच कामासाठी घडवल्यासारखी आहे. फक्त माल त्या उंचीवर नव्हता.

त्या सगळ्या पाटीच्या खाणींच्या प्रदेशाला २०२१ला युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

सड्यावरची

पांथस्थ, वर्णन सुंदर आहे, पण मला या धाग्यातला खाणींविषयीचा गोडवा खुपतो. तिथे खाण हा वारसा झाला. आमच्याकडे खाण वारसा खाते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हत्ती, मासे, माणसं, कातळावर कोरलेली. ती ज्या कातळात आहेत तोच कातळ चिऱ्यासाठी उतरवतात. एक दिवस कटर फिरलं की हजारो वर्षांचं काम गाडीत भरून जातं. सड्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात, जे पाणी जिरून खालच्या विहिरींना मिळतं, तेही जातं. मी स्वतः आमच्या गावच्या सड्यावर गेली सहा वर्षं चित्रांभोवती दगड रचून खुणा करते आहे.

तासलेला_चिरा

@सड्यावरची, तुमच्याशी भांडणार नाही. आमच्या खाणीच्या कडेला एक चित्र निघालं तेव्हा वडिलांनी तिथे काम थांबवलं आणि तेवढा तुकडा सोडून दिला. पण सगळे थांबवत नाहीत, हे मी धंद्यातला माणूस म्हणून कबूल करतो. परवानगी द्यायच्या आधी सड्याची पाहणी झाली पाहिजे, असं माझंही मत आहे. आणि संपलेल्या खाणी तशाच उघड्या सोडतात तेही चूक. दर पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. आमच्या शेजारच्या गावात एक मुलगा त्यात गेला.

तुमचं घर मात्र कशाचं आहे ते आठवा. माझंही चिऱ्याचंच आहे. मे महिन्यात त्या भिंतींइतकं थंड दुसरं काही नाही.

सड्यावरची

चिऱ्याचंच आहे. म्हणूनच लिहिलं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

भट्टीकाठ

गोडव्याविषयी सड्यावरची म्हणतात ते मला पटलं. म्हणून दुसरी बाजूही लिहितो, एरवी लिहिणार नव्हतो.

आमच्या गाडीत ब्रेक फक्त इंजिनाला. डब्यांना नाही. डबे उभे करायचे तर चाकात लाकडाची अटकण घालायची. अटकण म्हणजे हातभर लांबीचं बाभळीचं दांडकं, चाकाच्या आऱ्यांत बरोबर वेळ साधून सारायचं. १९७४च्या श्रावणात चढावर डबे जोडणारा आकडा निसटला आणि मागचे चार भरलेले डबे उलटे चालू लागले. खाली फाट्यावर प्लेटवाल्यांची (रूळ दुरुस्त करणाऱ्यांची) टोळी काम करत होती. आमच्यातला एक जण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, धावत गेला आणि चालत्या चाकात अटकण घातली. डबे थांबले. खालची सात माणसं वाचली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आकड्याची खीळ झिजली आहे अशी तक्रार आम्ही महिनाभर आधी वहीत लिहिली होती.

त्यानंतर उताराच्या मधोमध एक फाटा काढला. सुटलेला डबा त्यावर वळून वाळूच्या ढिगात घुसायचा. तो फाटा आधी असता तर? पुढे दीडेक वर्षाने गाडीच बंद झाली आणि डंपर लागले.

तो मित्र दर दिवाळीला फोन करतो. डाव्या हाताने लिहायला शिकला, मुलींना शिकवलं.

पाऊसवेळ

काका, काय लिहू कळत नाही. त्यांना आमचाही नमस्कार सांगा.

रूळवेडा

भट्टीकाठ काका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. छोट्या रेल्वेच्या पुस्तकांत इंजिनांचे क्रमांक असतात, अटकण घालणारी माणसं नसतात.

आपल्या देशात दगडासाठीची छोटी रेल्वे कुठे होती असं कोणी विचारलं तर मी आधी धोलपूरचं नाव घेईन. तिथला लाल-गुलाबी वालुकाश्म वाहायला संस्थानाने अडीच फुटी मार्ग टाकला, तो १९०८ला सुरू झाला. पुढे त्यावर प्रवासी गाडीही वर्षानुवर्षं चालली. तिकडे आसामात तिपोंगच्या कोळसा खाणीत दोन फुटी रुळावर वाफेची इंजिनं या शतकातही धूर काढत होती.

सिमेंटच्या गाड्यांपैकी माझी लाडकी इंग्लंडमधल्या साउदमची. तिथल्या कारखान्याच्या खाणीतल्या वाफेच्या इंजिनांना ज्युरासिक, ट्रायासिक, लायासिक अशी भूगर्भातल्या काळांची नावं होती. दगड ओढणाऱ्या इंजिनांना दगडांच्या काळांची नावं, याहून योग्य काय असेल? ज्युरासिक हे १९०३चं इंजिन जतन झालंय आणि लिंकनशायरच्या किनाऱ्यावर एका छोट्या रेल्वेवर चालतं.

आणि सगळ्यांचा शेवट काकांनी सांगितला तसाच. डंपर नाहीतर माल वाहणारा फिरता पट्टा. ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ फायन्सफोर्डच्या सिमेंट कारखान्याकडे साडेतीन फुटी रुळावर गॅरेट जातीची जंगी इंजिनं होती. १९६६ला त्यांच्या जागी पट्टा आला. आता तर मेघालयातली चुनखडी १७ किलोमीटर लांब पट्ट्यावरून सीमा ओलांडून बांगलादेशातल्या सिमेंट कारखान्यात जाते. रूळ नाही, डबा नाही, चालक नाही.

कोकणात असा मार्ग कुठे शोभला असता, तर माझं बोट कासार्डे-फोंड्याच्या वाळूच्या खाणींकडे जातं. इंग्लंडच्या लेटन बझर्डला अशीच वाळूच्या खाणींसाठी दोन फुटी रेल्वे १९१९ साली झाली. पहिल्या महायुद्धात खंदकांकडे दारूगोळा न्यायला टाकलेले रूळ आणि इंजिनं युद्ध संपल्यावर स्वस्तात मिळाली, त्यातून ती उभी राहिली.

दक्षिणवाट

आमचं नाव निघालं म्हणून लिहितो, कासार्ड्याचाच आहे. आमच्याकडची सिलिका वाळू धुऊन, चाळून ट्रकने घाट चढते आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत साच्यांना लागते. म्हणजे आमचा माल वर जातो, पांथस्थ! उतार उलट्या बाजूला. तुमचे घोडे आमच्याकडे दमले असते.

पावसात ट्रक फोंडा घाटात अडकतात तेव्हा मात्र रुळांची आठवण येतेच. कोल्हापूर ते वैभववाडी मार्गाचं नाव लहानपणापासून ऐकतोय.

केळशीची_सून

खारा_वारा कुठे गेले? वजन झालं का?

खारा_वारा

झालं! उशीर झाला, पाऊस होता. सगळं नीट लिहितो.

वजन: काजूच्या वखारीतल्या काट्यावर ५१ किलो.

कमरेवर: ब्रश मारून, मग थोडं खडूने चोळून पाहिलं. इंग्रजीत स्टील हा शब्द स्पष्ट आहे. त्याच्या आधीची अक्षरं गंजाने खाल्लीत. पुढे ३० हा आकडा आणि मग १९ असे दोन आकडे, त्यापुढचे दोन गेलेत.

पायाला भोकं एकही नाही. पण पायाच्या कडेला दोन-सव्वादोन फुटांवर चेपल्याच्या खुणा आहेत.

एका टोकाला दोन भोकं आहेत. दुसरं टोक छिन्नीने तोडल्यासारखं ओबडधोबड.

आणि एक गंमत भाच्याने दाखवली. रुळाच्या डोक्याची एकच कड झिजून उतरती झाली आहे. दुसरी कड नव्यासारखी.

रूळवेडा

शाबास त्या भाच्याची!

११ फूट ४ इंच म्हणजे ३.४५ मीटर. ५१ भागिले ३.४५ म्हणजे मीटरला १४.८ किलो. म्हणजे यार्डाला ३० पौंडांच्या अगदी जवळ, आणि कमरेवरही ३० आहे. रूळ ३० पौंडी.

पायाला भोकं नाहीत आणि ठराविक अंतरावर चेप आहेत, म्हणजे लाकडी स्लीपरवर खिळ्यांनी बसवलेला. खाणीतला उचलून हलवायचा तुकडा हा नव्हे. पक्का मार्ग.

दोन भोकांचं टोक म्हणजे जोडपट्टीचं टोक. दुसरीकडून कोणीतरी आपल्या मापाने तोडला.

आता ती झिजलेली कड. वळणावर बाहेरच्या रुळावर चाकाची कडा घासत जाते आणि आतली बाजू अशी तिरकी झिजते. तुमचा रूळ वर्षानुवर्षं एका वळणावर, बाहेरच्या बाजूला पडून होता.

केळशीची_सून

वळणं! माथेरान!

रूळवेडा

केळशीच्या वहिनी, मलाही तेच म्हणावंसं वाटतंय. नेरळ-माथेरान मार्ग १९०७चा, आदमजी पीरभॉय यांनी बांधवलेला. २१ किलोमीटर, पांथस्थांच्या फेस्टिनियॉगएवढाच. चढ वीसास एक आणि वळणं तर विचारूच नका. सुरुवातीला तिथे ३० पौंडी रूळ होते, पुढे ४२ पौंडी घातले. म्हणजे जुने ३० पौंडी कधीतरी निघाले आणि कुठेतरी विकले गेले.

पण मी शिक्का मारणार नाही. बार्शी लाइट ही छोटी रेल्वेही ३० पौंडी. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने हिशोबच असा मांडला होता की आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, मग ३० पौंडी रूळ पुरतो. ती १८९७ला सुरू झाली, पुढे मिरजेपर्यंत आली. मिरज म्हणजे घाटावरचं. शिवाय गिरण्या, गोद्या, धरणांची कामं, सगळीकडे हा रूळ चालायचा. तुमच्या घरी तो कोणत्या वाटेने आला ते कळलं तर काही सांगता येईल.

तासलेला_चिरा

खारा_वारा, घरातली बाईमाणसं विचारलीत का? गोठ्याचं काम त्यांनाच आठवतं. आमच्या घराच्या पायाचं साल आजीने म्हशीच्या वेतावरून सांगितलं होतं आणि सातबाऱ्याशी जुळलं.

खारा_वारा

तासलेला_चिरा, तुमचे पाय धरायला हवेत. आत्याला फोन लावला. वय ८२, देवगडला असते. विचारायचा अवकाश, लगेच म्हणाली, "तो रूळ होय! आबांनी दारूखान्यातून आणलानीत. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी."

म्हणजे १९६३. आबा तेव्हा मुंबईला गोदीत नोकरीला होते. आदल्या पावसाळ्यात गोठ्याची फणसाची तुळई वाळवीने खाल्ली आणि एक बाजू खाली आली, गाय अडकली होती. आबा म्हणाले, आता वाळवीला दात लागणार नाहीत असंच काहीतरी घालतो. दारूखान्यातल्या भंगारबाजारात वजनावर रूळ घेतला, तिथेच तोडून घेतला आणि बोटीने जैतापूरला उतरवला. बंदरावरून घरापर्यंत चार माणसांनी खांद्यावर आणला आणि आत्याने त्यांना गूळपाणी दिलं. कौलं मात्र मंगळुराकडून मचव्यातून आली. आत्याच्या शब्दांत, "कौलं खालून आली नि लोखंड वरून."

तेव्हा आमच्या वाडीत खाणीची रेल्वे नव्हती. जाणत्या काकांना सांगितलं, त्यांना थोडं वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

रूळवेडा

दारूखाना! मग तर मुंबईच्या आसपासचा कुठलाही छोटा मार्ग धरता येईल, आणि नेरळ तिथून फार लांब नाही. आत्यांना माझा साष्टांग नमस्कार. तुमच्या हातात ३० पौंडी, वळणावर झिजलेला, १९६३च्या आधी निघालेला रूळ आहे. गंज चढू देऊ नका, जवसाचं तेल पुसा.

भट्टीकाठ

भंगारात देऊ नका, एवढीच विनंती.

खारा_वारा

नाही देत काका. गवंड्याशी बोललो. न्हाणीघराच्या दाराला सिमेंटचा लिंटेल ओतणार होतो, त्याजागी हाच घालतोय. दार साडेतीन फुटांचं आहे, रूळ दोन्ही बाजूंना भिंतीत जाईल. तोडायचा नाही असं बजावलंय. भिंत चिऱ्याचीच आहे. झिजलेली कड बाहेरच्या अंगाला, दिसेल अशी ठेवायची. आत्या दिवाळीनंतर येणार आहे, तोवर काम संपवायचं आहे.

दक्षिणवाट

आमच्या मामाच्या विहिरीवर रहाट ज्या आडव्या लोखंडावर आहे ते असंच दिसतं. रविवारी टेप आणि तारेचा ब्रश घेऊन जातो. पायाला भोकं आहेत का तेच आधी बघायचं ना?

रूळवेडा

हो, आधी भोकं. मग कड. विहिरीत वाकताना कोणाला तरी सोबत धरा.